डिस्कवरून मशीन सुरू होतं, पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला तोच ड्राइव्ह सापडत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये डेबियन या लिनक्स वितरणाची डीव्हीडी घातली, मशीन त्यावरून नीट सुरू झालं, भाषा निवडली, कीबोर्ड निवडला. पुढच्याच पडद्यावर इन्स्टॉलर म्हणतो की इन्स्टॉलेशनच्या डिस्कचा ड्राइव्ह सापडत नाही, ड्रायव्हर असलेली फ्लॉपी किंवा पेनड्राइव्ह असेल तर घाला. ज्या ड्राइव्हमधून इन्स्टॉलर आला तोच त्याला दिसत नाही, हे कसं? आणि तो ड्रायव्हर मिळणार कुठे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण लोकांचे तासन्‌तास तिथेच जातात. ड्रायव्हर शोधू नका, तो मिळणार नाही. सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह कोणत्याही कंपनीचा असो, आज्ञा सगळे एकाच प्रमाणित भाषेत घेतात आणि लिनक्सच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं, एकच मॉड्यूल (जोडून घ्यायचा तुकडा) त्या सगळ्यांना पुरतं. फरक पडतो तो ड्राइव्ह ज्या कंट्रोलरला, म्हणजे मदरबोर्डवरच्या ज्या चिपला, जोडलाय त्यात. त्या कंट्रोलरचा ड्रायव्हरही कर्नलसोबतच येतो. कर्नल जुना असेल आणि त्यात तो नसेल, तर उपाय म्हणजे नव्या आवृत्तीची इमेज (डिस्कवर लिहायची आयएसओ फाइल) घेणं. फ्लॉपी मागणारा तो पडदा फार जुन्या काळातला आहे. त्याकडे दुर्लक्ष करा, पण त्याच्या पुढचा पडदा लक्षात ठेवा, तो नंतर कामाला येईल.

आता पहिला प्रश्न. तुमची डिस्क दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळचे वाचणारे वेगळे असतात. मशीन चालू केल्यावर वाचतं ते फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. सीडीवरून बूट करण्याची रीत 'एल टोरिटो' या नावाने फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवून दिली. तिच्यानुसार फर्मवेअर डिस्कवरचा बूटलोडर, म्हणजे सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्राम, उचलतं, आणि बूटलोडर फर्मवेअरच्याच मदतीने कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) मेमरीत आणतो. इथपर्यंत लिनक्सने ड्राइव्हला हातही लावलेला नसतो. कर्नल चालू झाला की फर्मवेअरची ही सोय संपते आणि कर्नलला तोच ड्राइव्ह स्वतःच्या ड्रायव्हरने पहिल्यापासून शोधावा लागतो. भाषा आणि कीबोर्ड विचारणारे पडदे मेमरीत आलेल्या इनिटआरडीतूनच चालतात. म्हणून तिथवर सगळं आलबेल वाटतं आणि डिस्कची पहिली खरी गरज पडते तिथे गाडी अडते.

यातून कामाची गोष्ट निघते. मशीन डिस्कवरून सुरू झालं याचा अर्थ ड्राइव्हचा लेझर, मोटर आणि केबल किमान कामचलाऊ आहेत. कर्नलला ड्राइव्ह ओळखता येतो की नाही, याबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. उलट, मशीन डिस्कवरून सुरूच होत नसेल तर कर्नलला हजार पॅरामीटर (बूटच्या वेळी द्यायच्या जादा सूचना) देऊन उपयोग नाही, कारण कर्नल अजून रंगमंचावरच आलेला नाही. तेव्हा बूटचा क्रम, डिस्क कशी बर्न केली आहे, आणि इमेज त्या मशीनसाठी आहे का, एवढंच बघायचं. ३२-बिट मशीन असेल तर हे शेवटचं विशेष बघा: २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरच बंद झाला आहे.

तुमच्या बाबतीत अडलंय ते दुसऱ्या वाचनाला. त्यामुळे बायोसमध्ये दिसेल ते सगळं बदलून बघण्याआधी कर्नल काय म्हणतो ते त्यालाच विचारा.

डेबियनच्या अक्षरी इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ२ दाबलं की दुसरा कन्सोल उघडतो, एंटर दाबलं की शेल (कमांड टाइप करायची जागा) मिळतं. चित्रमय इन्स्टॉलर असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२. लॉग ऑल्ट-एफ४ वर सतत सरकत असतो. परत जायला अक्षरीमध्ये ऑल्ट-एफ१, चित्रमयमध्ये ऑल्ट-एफ५. उबंटू या दुसऱ्या वितरणाची लाइव्ह (न बसवताच चालणारी) इमेज अशा वेळी 'लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं माध्यम सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश देऊन 'इनिटरॅमएफएस' लिहिलेल्या प्रॉम्प्टवर सोडते, आणि फेडोरा 'ड्रॅकट'च्या शेलमध्ये. दिसायला भीतीदायक असले तरी तेही शेलच आहेत आणि पुढचं बरंचसं तिथेही चालतं. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, सगळी लहान.

पहिली कमांड:

एलएस /डेव्ह/एसआर*

लिनक्समध्ये पहिल्या सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचं नाव एसआर० असतं. जुन्या सूचनांमध्ये एचडीसी, एचडीडी अशी नावं दिसतील. ती जुन्या आयडीई ड्रायव्हरची होती, आणि तो ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१४ मधून काढूनच टाकला गेला. ज्या सूचनेत एचडीसी आहे ती सूचना तुमच्यासाठी नाही, इतका सोपा नियम धरा.

इथून तीन वाटा फुटतात. एसआर० नाहीच, एसआर० आहे पण माउंट होत नाही (म्हणजे त्यातल्या फाइली उघडता येत नाहीत), माउंट होतो पण वाचताना मध्येच अडतो. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला पडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एसआर० नाहीच

डीएमईएसजी ही कमांड द्या. कर्नलने सुरुवातीपासून काय पाहिलं ते सगळं येईल. लांबलचक असतं, म्हणून ग्रेप ही शोधणारी कमांड लावून 'एटीए' हा शब्द असलेल्या ओळी काढा. त्यात प्रत्येक पोर्टची हजेरी असते. हार्डडिस्कच्या पोर्टसमोर लिंक अप आणि डिस्कचं मॉडेल दिसेल. डीव्हीडी ड्राइव्ह सापडला असेल तर त्याच्या ओळीत 'एटापी' हा शब्द आणि ड्राइव्हचं मॉडेल असतं. 'सॅटा लिंक डाउन' (सॅटा ही आजची अरुंद केबलची जोडणी) म्हणजे त्या पोर्टवर कर्नलला काहीच जोडलेलं दिसलं नाही. रिकाम्या पोर्टसाठी ही ओळ अगदी स्वाभाविक आहे, ती पाहून घाबरू नका. मोजा: मशीनमध्ये दोन उपकरणं आहेत आणि लिंक अप एकच आहे का?

एटापीची ओळ आहे पण एसआर० नाही, असं क्वचित होतं. तेव्हा मॉड्यूल चढलेलं नसतं. 'मॉडप्रोब एसआर_मॉड' द्या आणि पुन्हा एलएस करून बघा. काम झालं तर उत्तम.

एटापीची ओळच नसेल तर प्रश्न कंट्रोलरचा. इथे एक जुनी पण अजून भेटणारी गोष्ट सांगायला हवी. २००६ मध्ये इंटेलने आयसीएच८ या चिपमधून पॅरलल एटीए, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलचा जुना आयडीई, काढून टाकला. तेव्हा बाजारात डीव्हीडी ड्राइव्ह बहुतेक त्याच केबलचे होते. म्हणून मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी बोर्डवर वेगळी चिप बसवली, बऱ्याचदा जेमायक्रॉन कंपनीची. हार्डडिस्क इंटेलच्या सॅटावर आणि डीव्हीडी ड्राइव्ह जेमायक्रॉनच्या आयडीईवर, अशी ती जोडणी. बायोसला दोन्ही माहीत, त्यामुळे बूट व्यवस्थित. त्या वेळच्या कर्नलना मात्र ती चिप नीट हाताळता येत नव्हती. तुमच्या प्रश्नातली लक्षणं त्या पिढीच्या मशीनवर सर्रास दिसायची. 'ऑल-जेनेरिक-आयडीई' हा पॅरामीटर द्या, असा सल्ला तिथूनच आलाय. आजच्या कर्नलमध्ये जेमायक्रॉनसाठी स्वतंत्र ड्रायव्हर आहे, तेव्हा तो पॅरामीटर विसरा. त्याऐवजी बायोसमध्ये जा आणि हा जादा कंट्रोलर चालू आहे का ते बघा. पुष्कळ बोर्डांवर त्याचा 'मोड' वेगळा निवडता येतो: आयडीई (जुनी पद्धत), एएचसीआय (नवी पद्धत), रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत). आयडीई असेल तर एएचसीआय करून बघा, रेड असेल तर ते काढा.

इथे एक धोका सांगून ठेवतो. मुख्य सॅटाचा मोड बदलताना त्याच मशीनवर विंडोज असेल तर थांबा. जुन्या मोडवर बसवलेलं विंडोज नव्या मोडवर निळा पडदा दाखवून बसू शकतं, त्यावरचा कोड ०एक्स७बी. मोड परत फिरवला की ते पूर्ववत होतं, डेटा कुठे जात नाही. पण हे माहीत नसलेला माणूस त्या निळ्या पडद्यासमोर हार्डडिस्क फॉरमॅट करायला निघतो. आधीची सेटिंग कागदावर लिहा किंवा फोनवर फोटो काढा, मग बदला.

कधी कधी लॉगमध्ये ड्राइव्हची चाहूल असते पण ओळख पूर्ण होत नाही. 'क्यूसी टाइमआउट' आणि कंसात 'सीएमडी ०एक्सए१' अशी ओळ दिसेल. ०एक्सए१ ही 'तू कोण आहेस' असं सीडी-डीव्हीडी जातीच्या ड्राइव्हला विचारणारी आज्ञा आहे. हार्डडिस्कसाठी तीच ०एक्सईसी असते. म्हणजे कर्नलने विचारलं आणि उत्तर वेळेत आलं नाही. हार्डडिस्क चालते आणि हा एकच अडतो, तर संशय दोघांवर: केबल किंवा इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक). केबल बदलणं सोपं, ते आधी करा. पट्टीची केबल असेल तर जंपरही (मास्टर की स्लेव्ह ते ठरवणारी ड्राइव्हमागची छोटी टोपी) बघा. एकाच केबलवर दोन उपकरणं आणि दोन्ही मास्टर, हा प्रकार आजही सापडतो. केबल ठीक असेल तर बूटच्या मेनूत कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'आयआरक्यूपोल' लिहून बघा, मग 'पीसीआय=नोएमएसआय', मग 'नोएपिक'. एका वेळी एकच. तिन्ही एकदम घातले आणि चाललं, तर कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि बसवलेल्या सिस्टिमलाही तिन्हींचं ओझं कायमचं चिकटतं.

बाहेरून यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह असेल तर पहिला संशय विजेचा. यूएसबी २ पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क फिरायला लागताना लागणारा झटका पहिल्यात कधी कधी मावत नाही. ड्राइव्ह दिसतो, गायब होतो, पुन्हा दिसतो. लॉगमध्ये यूएसबी डिस्कनेक्टच्या ओळी याची साक्ष देतात. हबमधून काढून थेट मशीनच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, किंवा दोन तोंडांची केबल वापरा.

एसआर० आहे, पण माउंट होत नाही

हातानेच माउंट करून बघा:

माउंट -टी आयएसओ९६६० /डेव्ह/एसआर० /सीडीरॉम

आधी 'एमकेडीआयआर /सीडीरॉम' करावं लागेल, फोल्डर आधीच असेल तर तो तसं सांगेल. माउंट झालं तर 'एलएस /सीडीरॉम' ने फाइली बघा आणि इन्स्टॉलरकडे परत जाऊन तीच पायरी मेनूतून पुन्हा चालवा. ड्राइव्ह सावकाश जागा होतो आणि इन्स्टॉलर घाईत असतो, एवढंच कारण बऱ्याचदा निघतं. दुसऱ्या फेरीत तो निमूट सापडतो. तरीही नकार आला, तर सुरुवातीला म्हटलेला पडदा वापरा: फ्लॉपीला 'नाही' म्हटल्यावर मॉड्यूल आणि डिव्हाइस हाताने निवडू का, असं इन्स्टॉलर विचारतो. मॉड्यूलला 'नन' म्हणा आणि डिव्हाइस म्हणून /डेव्ह/एसआर० टाइप करा.

'नो मीडियम फाउंड' आलं तर ट्रे बाहेर काढून आत घाला, दिवा विझेपर्यंत थांबा आणि पुन्हा माउंट करा. हे होतच राहिलं तर ड्राइव्हला ती डिस्क झेपत नाही. याची दोन कारणं नेहमी भेटतात. एक, डिस्कचा प्रकार. छापील सीडी सुमारे ७०% प्रकाश परत फेकते, पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू फक्त १५ ते २५%. म्हाताऱ्या लेझरला तेवढा उजेड पुरत नाही. एकदाच लिहायच्या कोऱ्या डिस्कवर बर्न करून बघा. दोन, डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन लेझर असतात आणि ते एकत्र म्हातारे होत नाहीत. 'माझा ड्राइव्ह चांगला आहे, गाण्यांची सीडी मस्त वाजते', यावरून डीव्हीडीच्या लेझरबद्दल काहीच ठरत नाही. अशा ड्राइव्हला सीडीवर मावणारी छोटी इमेज दिली की तो मुकाट्याने चालतो.

माउंट होतं पण आत एकच मोठी आयएसओ फाइल दिसते? मग डिस्क बर्न करताना 'इमेज लिहा' ऐवजी 'फाइल कॉपी करा' निवडलं गेलंय. अशी डिस्क बूट होत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत हे नसणार.

माउंट होतं, पण वाचन मध्येच अडतं

ही वाट सर्वांत फसवी, कारण संदेश दरवेळी वेगळ्या रूपात येतो. सीडी-रॉमवरून फाइल कॉपी करता आली नाही, अमुक पॅकेज खराब आहे, मूळ प्रणाली बसवता आली नाही. लोक त्या पॅकेजचं नाव घेऊन शोधाशोध करतात. पॅकेजचा काही दोष नसतो.

पुन्हा डीएमईएसजी. 'आय/ओ एरर, डेव्ह एसआर०, सेक्टर' आणि पुढे आकडा. तो आकडा लिहून घ्या, पायरी पुन्हा चालवा, पुन्हा बघा. सेक्टर दर वेळी तोच किंवा त्याच्या आसपासचा असेल आणि सोबत 'मीडियम एरर', 'अनरिकव्हर्ड रीड एरर' असेल, तर डिस्कवर त्या जागी खराबी आहे. पुसून बघा, मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. नाहीतर नवी बर्न करा. पण आकडा दर वेळी भलतीकडे उड्या मारत असेल तर डिस्क बदलून फायदा नाही. केबल, कंट्रोलर किंवा लेझर बघा. आणि आय/ओ एरर एकही नाही, तरी कधी हे पॅकेज खराब, कधी ते पॅकेज खराब, असं असेल तर रॅम तपासा. मेमटेस्ट८६+ एक पूर्ण फेरी चालवा. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मशीनमध्ये रॅमचा दोष लोकांना वाटतो त्यापेक्षा बऱ्याचदा निघतो, कारण इन्स्टॉलर मेमरीचा जितका कोपरा न्‌ कोपरा वापरतो तितका साधा वापर करत नाही.

आकड्याबद्दल एक बारकावा. डिस्कचा ब्लॉक २०४८ बाइटचा असतो, कर्नलच्या त्या ओळीतला सेक्टर ५१२ बाइटचा. म्हणून आकड्याला चारने भागा, म्हणजे डिस्कवरचा खरा ब्लॉक मिळेल. तो इमेजच्या अगदी शेवटचा, किंवा तिच्याही पुढचा असेल तर बहुधा काळजीचं कारण नाही. 'ट्रॅक ॲट वन्स' पद्धतीने बर्न केलेल्या सीडीच्या शेवटी दोन ब्लॉक असे असतात जे वाचता येत नाहीत, आणि कर्नल पुढचं आधीच वाचून ठेवायच्या नादात त्यांना जाऊन धडकतो. लॉगमध्ये लाल अक्षरं दिसतात, इन्स्टॉलेशन मात्र अडत नाही. ते दिसायलाच नको असेल तर 'डिस्क ॲट वन्स' पद्धतीने बर्न करा.

बर्न केलेली डिस्क मुळाबरहुकूम आहे का, हे दुसऱ्या चालू लिनक्स मशीनवर नीट तपासता येतं. आधी उतरवलेल्या आयएसओ फाइलचा एसएचए२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारी पडताळणीची बेरीज) काढून वितरणाने दिलेल्या यादीशी ताडा. ही पायरी गाळू नका. अर्धवट उतरलेली फाइल कितीही मन लावून बर्न केली तरी अर्धवटच राहते. मग डिस्कचा:

आयसोसाइझ -एक्स /डेव्ह/एसआर०

यातून ब्लॉकची संख्या मिळते. ती पुढच्या कमांडमध्ये घाला:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=संख्या | एसएचए२५६सम

दोन्ही बेरजा जुळल्या तर डिस्क निर्दोष आहे, निदान त्या ड्राइव्हसाठी. काउंट न देता वाचलं तर शेवटच्या फालतू ब्लॉकमुळे बेरीज चुकते आणि चांगली डिस्क फेकली जाते. एवढी खटपट नको असेल तर इन्स्टॉलरमधलीच तपासणी वापरा: डेबियनच्या मेनूत माध्यमाची अखंडता तपासायची पायरी आहे, फेडोराच्या बूट मेनूत 'टेस्ट धिस मीडिया' आहे, आणि उबंटू २०.०४ पासून ती सुरुवातीलाच आपोआप करते. पुष्कळ जण कंट्रोल-सी दाबून ती वगळतात आणि मग तासाभराने त्याच डिस्कशी झगडत बसतात.

बर्नचा वेग कमी ठेवा हा सल्ला बरोबर आहे, पण अतिरेक नको. १६एक्सच्या डीव्हीडीवर ४एक्स किंवा ८एक्स पुरे. आणि इमेज डिस्कवर मावते का ते बघा: एकपदरी डीव्हीडी ४.७ जीबीची, तर उबंटू २४.०४ ची डेस्कटॉप इमेज ५ जीबीच्या वर आहे. तिला ८.५ जीबीची दुपदरी डिस्क लागते, आणि जुने ड्राइव्ह दुपदरी डिस्कवर सर्वांत जास्त रडतात.

डिस्क नाही, पेनड्राइव्ह आहे, तरी तोच संदेश

असंही होतं आणि तेव्हा लोक आणखी चक्रावतात: मशीनमध्ये सीडी ड्राइव्हच नाही, मग हा सीडी-रॉम का मागतोय? कारण त्या इमेजमधली इनिटआरडी सीडीसारखी मांडणी शोधायला बनलेली आहे. डेबियनच्या इमेज ६.० पासून, म्हणजे २०११ पासून, अशा बनवल्या आहेत की त्या जशाच्या तशा पेनड्राइव्हवर उतरवल्या की चालतात. पण बर्न करणाऱ्या प्रोग्रामने इमेज उलगडून फाइली फॅट३२ वर कॉपी केल्या, किंवा विभागाचं लेबल बदललं, की शोध फसतो. फेडोरा तर आपलं माध्यम लेबलावरूनच शोधते. विंडोजवरचा रुफस हा प्रोग्राम वापरत असाल तर लिहिताना तो दोन पद्धती देतो, त्यातली 'डीडी' निवडा. लिनक्सवर साधा डीडी पुरतो, फक्त पूर्ण डिव्हाइसवर लिहा, त्याच्या विभागावर नाही, आणि डिव्हाइसचं नाव तीनदा बघा.

ड्राइव्ह हट्टाला पेटला तर

माझं स्पष्ट मत: पेनड्राइव्हवरून बूट होत असेल तर ऑप्टिकल ड्राइव्ह दुरुस्त करण्यात संध्याकाळ घालवू नका. खरा पेच तेव्हा, जेव्हा जुनं बायोस पेनड्राइव्हवरून बूट करू देत नाही आणि कर्नलला डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही. इथे सुरुवातीचे ते दोन वाचक कामाला येतात. बायोसला डिस्क वाचता येते, कर्नलला यूएसबी वाचता येतं. मग कामं वाटून द्या. एकच इमेज डीव्हीडीवर बर्न करा आणि पेनड्राइव्हवरही लिहा. दोन्ही लावून डीव्हीडीवरून बूट करा. कर्नल आणि इनिटआरडी डीव्हीडीवरून मेमरीत येतील, आणि इन्स्टॉलर माध्यम शोधायला निघाला की त्याला पेनड्राइव्ह सापडेल. आपोआप सापडला नाही तर डिव्हाइस विचारणाऱ्या पडद्यावर /डेव्ह/एसडीबी१ असं जे नाव असेल ते द्या. इमेज दोन्हीकडे अगदी तीच हवी, नाहीतर कर्नल एका आवृत्तीचा आणि मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीची, असा सांधा बसणार नाही. उबंटू तर दोन्हींची ओळखखूण जुळते का ते तपासतेच.

दुसरी वाट नेटवर्कची. डेबियनच्या नेटबूट विभागात 'मिनी.आयएसओ' नावाची इवलीशी इमेज मिळते. तिच्यातलं सगळं बूटच्या वेळीच मेमरीत येतं, त्यानंतर ड्राइव्ह पूर्ण बंद पडला तरी चालतं, बाकी सगळं इंटरनेटवरून उतरतं. फक्त तारेचं नेटवर्क जोडा. या छोट्या इमेजमध्ये वायफाय कार्डं चालवायला लागणाऱ्या फाइली (त्यांचं फर्मवेअर) नसतात. आणि मिनी.आयएसओ ताजी घ्या, जुनी साठवलेली वापरलीत तर कर्नलची मॉड्यूल सापडत नाहीत म्हणून अडेल.

एक वेगळा आजार याच नावाने येतो. काही जण 'डिस्क ड्राइव्ह सापडत नाही' म्हणतात, तेव्हा त्यांना जिच्यावर लिनक्स बसवायचं ती डिस्क म्हणायची असते. विभाजनाच्या पायरीवर यादी रिकामी येते. नव्या लॅपटॉपवर याचं नेहमीचं कारण म्हणजे बायोसमध्ये चालू असलेलं इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी, म्हणजे डिस्क सांभाळायची इंटेलची स्वतःची पद्धत. त्याचा उपाय एएचसीआय निवडणं किंवा व्हीएमडी बंद करणं, आणि विंडोजबद्दलचा वरचा इशारा तिथे दुप्पट लागू.

व्हर्च्युअल मशीन असेल तर आभासी ड्राइव्हसमोरची 'कनेक्टेड' ही खूण लावलेली आहे का, एवढंच बघा.

इन्स्टॉलेशन पार पडल्यावरही हा ड्राइव्ह एकदा आडवा येतो. नवीन काही बसवायला गेलात की एपीटी, म्हणजे डेबियनचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन, म्हणतं, अमुक लेबलची डिस्क /मीडिया/सीडीरॉम मध्ये घाला. बिघाड नाही तो. इन्स्टॉलरने डिस्कची नोंद यादीत ठेवलेली असते. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट ही फाइल रूट (प्रशासक) म्हणून उघडा, 'डेब सीडीरॉम' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या आधी # लावा, खाली नेटवर्कवरच्या मिररची (पॅकेजं ठेवलेल्या सर्व्हरची) ओळ आहे याची खात्री करा आणि 'एपीटी अपडेट' चालवा. मिररची ओळ नसेल, म्हणजे इन्स्टॉलेशन नेटवर्कशिवाय झालं असेल, तर ती स्वतः लिहावी लागेल.